चाकाजवळ खरखर झाली तर

परवा साखरप्याजवळ गाडी कडेला घेऊन तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज कापत होता. डाव्या पुढच्या चाकातून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी खरखर येतेय, म्हणालीस. समोर आंबा घाट, मागच्या सीटवर तुझी आई. तरी 'घाट चढून बघू' असं न म्हणता तू थांबलीस, याचं मला फार समाधान वाटलं. फोनवर मी चार प्रश्न विचारले आणि तेवढ्यावर काम भागलं. पण उत्तरं वेगळी आली असती तर काय करायचं होतं, ते आज निवांतपणे लिहितो.

मी गॅरेजात नवा असताना माझे उस्ताद लगेच पाना हातात देत नसत. 'आधी कान लाव, मग पाना लाव,' म्हणायचे. गिऱ्हाइकाची गाडी आली की काचा खाली, रेडिओ बंद, आणि एखाद्या कंपाउंडच्या भिंतीलगत सावकाश एक चक्कर. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूचा आहे ते नीट कळतं. ही युक्ती मी पस्तीस वर्षं वापरली.

पहिला प्रश्न असा की गाडी उभी करून ॲक्सिलेटर दिला तर आवाज येतो का? येत नसेल आणि गाडी चालू लागल्यावर चाकाच्या गतीने कमीजास्त होत असेल, तर दोष चाकापाशीच शोधायचा. दुसरा, ब्रेक दाबल्यावर तो बदलतो का? तिसरा, वळताना बदलतो का? आणि चौथा, तो सुरू होण्याआधी गाडी कुठून आली?

तुझा आवाज ब्रेकने बदलत नव्हता, वळल्यानेही नाही, आणि तू नुकतीच पसरलेल्या खडीवरून आली होतीस. ब्रेकच्या डिस्कमागे एक पातळ पत्रा असतो, चिखलपाणी अडवायला. त्याच्या आणि डिस्कच्या फटीत बारीकसा खडा अडकला तरी अख्खी गाडी मोडल्यासारखा आवाज होतो. म्हणून तुला मागे बघून गाडी दहा-पंधरा फूट सावकाश रिव्हर्स घ्यायला सांगितली, मग परत पुढे. चाक उलटं फिरलं की खडा बहुतेक वेळा निसटतो, तसाच तुझाही निसटला. निघाला नसता तर चाक काढून पत्रा स्क्रूड्रायव्हरने किंचित मागे ओढला की खाली पडतो.

पण ब्रेक दाबला की खरखर वाढते, पेडलला पायाखाली ती जाणवते, असं तू म्हणाली असतीस, तर मी तुला तिथून गाडी हलवूच दिली नसती. ते पॅड संपल्याचं लक्षण. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पट्टी असते. थर झिजला की ती डिस्कला टेकते आणि बारीक चिरकते. ही चिरचिर म्हणजे आगाऊ सूचना. ती कानाआड केली की काही दिवसांनी पॅडचं लोखंड डिस्कला भिडतं आणि खरखर सुरू होते. लोकांना वाटतं आवाज अचानक आला. तो आधीपासून सांगत असतो.

ही चूक माझ्या स्वतःच्या गाडीत मी केली आहे. गणपतीच्या गर्दीत दुसऱ्यांच्या गाड्या करताना माझीच चिरचिर पंधरा दिवस पुढे ढकलली. नुसत्या पॅडवर भागलं असतं, तिथे खोल चरे पडल्यामुळे दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या. पैशाचं सोड, त्या पंधरा दिवसांत तुझी मामी आणि मुलं त्याच गाडीतून फिरली, हे मला अजून टोचतं.

मिश्र धातूच्या चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड दिसतो, पण तो बाहेरचा. कॅलिपरची पिन अडकली की आतला पॅड आधी संपतो, त्यामुळे बाहेरचा जाड दिसला तरी आतला बघायला सांगच. आणि पॅड एका चाकाचे बदलू नकोस, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदल.

बेअरिंगचा आवाज निराळा. आधी विमानासारखी घूं-घूं, वेगाबरोबर वाढणारी, आणि फारच खराब झालं की घरघर. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं आणि डगडगलं, तर ते गाडी जागेवर ठेवून मेकॅनिकला बोलावण्याचं काम आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट आली तर एक्सलच्या जॉइंटचा रबरी बूट फाटलाय का बघ.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी दोन-तीन ब्रेकनंतर तो आवाज गेला तर काळजी नको.

जळका वास आला तर चाकाला हात लावू नकोस, नुसता तळवा जवळ ने. एकच चाक तापलं असेल तर ब्रेक अडकलाय. त्यावर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकायची नाही, ती छातीत जाते.

चाक काढायचंच झालं तर जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावलेला. नट आधी जमिनीवरच सैल कर, मग जॅक लाव. गाडीखाली हातसुद्धा घालू नकोस. बसवताना नट गोल क्रमाने न आवळता एकाआड एक आवळ, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर थांबून ते पुन्हा एकदा आवळून घे.