नाकाला हात लावू नकोस

पूर्णा

चि. बाळू,


परवा स्टेशनवर तुझा तो कॅमेरावाला मित्र भेटला. नांदेडला निघाला होता, गाडी लेट म्हणून बोलत थांबला. बोलता बोलता सांगून गेला की तू नाकाचं ऑपरेशन करून घेतोयस, तेही कर्ज काढून. या नाकानं जन्मभर गुंड आणि हवालदाराच्याच भूमिका करशील, असं म्हणे कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. तुझ्या आईला मी अजून बोललो नाही. ते नाक कुणाचं आहे हे तिला वेगळं सांगायला नको. तुझ्या आजीच्या, माईच्या फोटोला रोज हार तीच घालते.

अरे, केलेस गुंड नि हवालदार तर बिघडलं कुठं? निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. पगार ८० रुपये, त्यातले १० सेवादलाला. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ आला तेव्हा चाळिशीला टेकले होते. त्या चेहऱ्याकडे बघून नायकाचं काम कुणी दिलं असतं? पण तोच चेहरा घेऊन ‘सामना’त ते हिंदूराव धोंडे पाटील झाले, समोर डॉ. लागूंचा मास्तर. पुढे काही वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये तेच डोळे दिगू टिपणीसाचे, सगळं राजकारण बघून शेवटी भ्रमिष्ट झालेल्या पत्रकाराचे. नाक बदललं नव्हतं रे! खेड्यातल्या बाया त्यांना बघून शिव्या मोजायच्या. आणि हाच माणूस डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत, सामाजिक कार्यकर्त्यांसाठी पैसे जमवत गावोगाव हिंडला.

तुझ्या बोलण्याचंही तेच. हल्ली फोनवर तू असं काही गुळगुळीत बोलतोस की आई म्हणते, राँग नंबर लागला का. मकरंद अनासपुरेंनी आपल्या मराठवाड्याच्या बोलीला इस्त्री केली नाही, तशीच पडद्यावर नेली. लोकांनी डोक्यावर घेतलीच ना? तर नाकाला हात लावू नकोस.

मी तरी कोण सांगणारा? रेल्वेच्या नाटकांत मी विशीतच केसांना पावडर फासून म्हातारे केले. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्राला जायचं मनात होतं. अर्ज आणून ठेवला, तोवर नोकरीची ऑर्डर आली. बाबा नाही म्हणाले नसते कदाचित. मी विचारलंच नाही. अजून तिसरी घंटा ऐकली की पोटात खड्डा पडतो. तू मुंबईला निघालास तेव्हा तुझ्या वडिलांची बोलणी कुणी खाल्ली, आठवतंय ना? ते काय तू डॉक्टरकडून नाक कापून घ्यावंस म्हणून?

असो. जास्तच बोललो. दिवसदिवस ऑडिशनच्या रांगेत उभं राहून कुणी असं तोंडावर बोललं तर लागतंच, लेकरा. भाडं थकलंय का? दवाखान्यात आगाऊ पैसे भरले असशील तर बुडू देत, मी देतो.

आणि पत्र पोचायच्या आत झालंच असेल ऑपरेशन, तर तोंड लपवत बसू नकोस. दुखत असेल, जेवण धड जात नसेल. सकाळची तपोवन धर, मी स्टेशनवर येतो. आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझा,
मामा