अपघाताची पहिली मिनिटे : अंगणवाडी व प्राथमिक शाळेची पूर्वतयारी

खेड्यातील अंगणवाडी पुष्कळदा प्राथमिक शाळेच्या आवारातच असते. तेथील एखादे मूल भाजले अगर त्याच्या घशात काही अडकले, तर सेविकेच्या हाकेसरशी धावून येतो तो शेजारच्या वर्गातील शिक्षक. दवाखाना दूर, आणि पावसाळ्यात वाटेतला ओढा भरलेला. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांची जबाबदारी शिक्षकावरच येऊन पडते.

प्रत्येक अपघाताचे घड्याळ निराळे असते. कोठे तीन-चार मिनिटांतच जीव जाण्याची वेळ येते. कोठे वीस मिनिटे स्वस्थपणे पाणी ओतीत बसावे लागते. तर कोठे जागेवर खटपट न करता तत्काळ निघणे हाच खरा उपचार असतो. हा भेद आधी ध्यानी घेतला पाहिजे.

१. घशात वस्तू अडकणे

मोजणी शिकविण्यासाठी आणलेले चिंचोके व मणी, खाऊतील शेंगदाणे व फुटाणे, खिशातील नाणे या वस्तू लहान मुलांच्या श्वासमार्गात अडकतात. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. परंतु आवाज फुटेनासा झाला, खोकला क्षीण झाला, ओठ निळसर दिसू लागले, की क्षणही दवडू नये. मुलास पुढे वाकवून छातीस एका हाताचा आधार द्यावा व दुसऱ्या हाताच्या मनगटालगतच्या तळव्याने, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाठीवर ५ जोरदार थापा माराव्यात. वस्तू न निघाल्यास मुलाच्या मागे गुडघे टेकून बसावे, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून ती दुसऱ्या हाताने धरावी व आत आणि वर असे ५ झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे दोन्ही उपाय आळीपाळीने चालू ठेवावेत.

एक वर्षाच्या आतील बाळाचे पोट कदापि दाबू नये. त्यास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व पाठीवर ५ थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ वेळा दाबावे. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढू पाहू नये. ती अधिक खोल जाते. मूल बेशुद्ध पडल्यास छातीवर ३० दाब व तोंडाने २ श्वास असा क्रम मदत येईतो चालवावा. ही क्रिया केवळ वाचून येत नाही. आरोग्य केंद्रातील जाणत्या व्यक्तीकडून ती हाताने शिकून घ्यावी. पोटावर झटके दिलेले मूल बरे वाटले तरी डॉक्टरांस दाखवावे.

२. भाजणे

कढत आमटी किंवा खिचडी अंगावर सांडल्यास भाजलेल्या भागावर गार पाणी सलग २० मिनिटे सोडावे. नळ नसेल तर तांब्याने ओतावे. बर्फ लावू नये. बांगडी, कडे, दोरा हे सूज येण्यापूर्वी काढावेत. कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. तूप, हळद, शाई, दात घासण्याची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये. उरलेले अंग झाकून ऊब ठेवावी, नंतर जखमेवर स्वच्छ कापड सैल पांघरून मुलास दवाखान्यात न्यावे.

स्वयंपाकाच्या जागेसंबंधी एक घटना शिक्षकांनी विसरू नये. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग शाकारलेल्या छपराने वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ मुले दगावली. चूल वर्गापासून दूर, आणि वर्गाची वाट सदैव मोकळी, हा नियम त्या मुलांच्या प्राणांनी शिकविलेला आहे.

३. सर्पदंश

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप होत. येथे घात होतो तो वेळ दवडल्याने. मंत्र-उतारा, चिरा देणे, विष चोखणे, दोरीने आवळून बांधणे यांनी लाभ काहीच नाही, हानी मात्र आहे. मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेला हात वा पाय फळीच्या आधाराने स्थिर करावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात उचलून न्यावे. साप मारून नेण्याची आवश्यकता नाही. मण्यारीच्या दंशाची खूण वा वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून पापण्या जड होणे, पोट दुखणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे हलकी लेखू नयेत.

४. शाळेची पूर्वतयारी

पेटीत निर्जंतुक पट्ट्या, कापूस, कात्री, साबण, त्रिकोणी कापड, जलसंजीवनीच्या पुड्या व विजेरी असावी. पेटीस कुलूप नसावे. किल्ली रजेवर गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात असणे, हे पेटी नसण्यासारखेच होय.

कामे आधीच वाटून ठेवावीत. एकाने मुलाजवळ राहावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकास फोन करावा (महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे). तिसऱ्याने इतर मुलांस सांभाळावे. चौथ्याने रस्त्यावर उभे राहून गाडीस वाट दाखवावी. दोनच माणसे असतील तर शेजारच्या कोणत्या घरी हाक मारावयाची ते ठरलेले असावे. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते, याची पावसाळ्यापूर्वी चौकशी करून ते नाव भिंतीवर लिहावे. चुलीभोवती चुन्याची रेषा आखावी, सरपण भिंतीपासून दूर रचावे आणि खाऊ मुलांस बसवूनच द्यावा.

दर महिन्यास अर्धा तास सराव करावा. पोटावरील झटके जिवंत मुलावर देऊ नयेत, उशी घ्यावी. तिसरी-चौथीच्या मुलांकडून फोनवरील निवेदन वदवून घ्यावे : गाव कोणते, शाळेजवळची खूण कोणती, काय झाले, मुलाचे वय किती. पाढ्यांप्रमाणेच हेही तोंडी बसते.

ऐन प्रसंगी माणसास नवे काही सुचत नाही. हातास जी सवय आहे तीच उपयोगी पडते. ही सवय लावणे शिक्षकास कठीण नाही, कारण सराव करून घेणे हे तर त्याचे नित्याचेच काम आहे.