झेल कोणाचा?

आमच्या सांगवीत ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात टेनिसच्या चेंडूचे सामने भरतात. मला ना धड फलंदाजी येते, ना गोलंदाजी. म्हणून स्कोअरची वही माझ्याकडे असते. या वहीमुळेच प्रसिद्धी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पडला. त्याचा अल्पसा विचार येथे मांडीत आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बेळगावच्या एका स्थानिक सामन्यात किरण तरळेकर या खेळाडूने सीमेजवळ उंच चेंडू पकडला. आपण दोरीबाहेर जाणार हे ओळखून त्याने तो वर उडवला. चेंडूही बाहेरच निघाला. तेव्हा त्याने बाहेरून उडी घेऊन, हवेत असतानाच, फुटबॉलपटूसारखी डोक्यावरून लाथ मारून चेंडू आत परतवला आणि सहकाऱ्याने तो झेलला. फलंदाज बाद झाला! ती चित्रफीत थोड्याच दिवसांत जगभर पाहिली गेली. फुटबॉल जाणणाऱ्याला क्रिकेटमध्ये आणले की असे घडते, अशा आशयाचे सचिन तेंडुलकरने लिहिले. इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉन यानेही तोंड भरून स्तुती केली.

आता वहीकडे वळू. रिवाजाप्रमाणे झेल पुरा करणाऱ्याच्या नावावर तो लिहिला जातो. म्हणजे कागदोपत्री झेल सहकाऱ्याचा. लाथेसाठी वहीत रकानाच नाही. जगाने मात्र लाथ लक्षात ठेवली आणि झेलणारा विसरला. पुढे २०२५ साली नियमही बदलला. सीमेबाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाने हवेत चेंडूला एकदाच स्पर्श करावा व त्यानंतर आतच उतरावे, असे ठरले. तेव्हा आज आंतरराष्ट्रीय सामन्यात तसा झेल धरला जाणार नाही. कौतुक मात्र नियमाला विचारून होत नाही.

याउलट उदाहरण कल्याणच्या प्रणव धनावडेचे. जानेवारी २०१६ मध्ये या शाळकरी मुलाने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासूनचा कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. ही कीर्ती पूर्णपणे वहीतली. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पण पुढे अपेक्षेप्रमाणे धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच ती थांबवावी असे कळवले. एका डावाच्या प्रसिद्धीचे ओझे किती असते, हे यावरून ध्यानात यावे.

मग खरी नोंद कोणती? गेल्या हंगामात माझ्या एका मित्राने सीमेवर झेप घेऊन चेंडू आत फेकला. दुसऱ्याने तो झेलला. मी नियमाने दुसऱ्याचे नाव लिहिले. सायंकाळी मित्राने वही चाळली आणि एवढेच विचारले, "मी कुठं आहे रे यात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या रानात चित्रफीत घेणाराही कोणी नव्हता.

वही परिश्रम मोजते, चित्रफीत क्षण टिपते. दोन्हींतून काही ना काही निसटतेच. जे निसटते ते पाहणाऱ्याने सांगावे, हे पाहणाऱ्याचे कर्तव्य आहे असे मला वाटते. तेव्हापासून मी वहीच्या समासात एक ओळ जास्त लिहितो. पहिली ओळ अर्थातच त्या मित्राची आहे.