शमुवेल : एका नावाची उकल

भाषाविज्ञानाच्या तासाला मी एकदा अर्धवट तेच शिकवले. ते दुरुस्त करण्यासाठी हा लेखप्रपंच.

विशेषनामांचा विषय निघाला, तेव्हा 'सॅम्युएल' म्हणजे 'देवाजवळ मागून घेतलेला' असे मी सांगून टाकले. आधार बायबलचाच होता. एलकानाची पत्नी हन्ना निपुत्रिक होती. शिलो येथील देवस्थानी तिने नवस केला. मुलगा झाला, आणि परमेश्वराजवळ मागितला म्हणून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू कोणता?" मी 'शाअल' असे सांगितले. "मग नावात 'म' कोठून आला?" मी निरुत्तर झालो.

घरी येऊन अक्षरे मांडून पाहिली. हिब्रूत मुख्यतः व्यंजने लिहितात. 'शाअल'ची अक्षरे शीन, आलेफ, लामेद. 'शमुएल'ची शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. मेम धातूत नाहीच. मग 'शामा', म्हणजे ऐकणे, हा धातू घ्यावा काय? 'देवाने ऐकले' हा अर्थ कथेला शोभतो खरा. परंतु त्या धातूच्या अंती आयिन हे अक्षर आहे. 'इश्माएल' या नावात ते टिकले आहे, 'शमुएल'मध्ये नाही. उरतात 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. 'देवाचे नाव' किंवा 'त्याचे नाव देव' अशी फोड पुष्कळ अभ्यासक मानतात.

मागण्याचा अर्थ नेमका जुळतो तो 'शाऊल' या नावाशी. मराठी बायबलातला हा शौल राजा. त्याला अभिषेक केला तो शमुवेलानेच! हन्नेच्या तोंडी 'शाऊल' हे रूप जसेच्या तसे येते. म्हणून ही जन्मकथा मुळात शौलाची असावी, असा तर्क काही विद्वानांनी केला. इतरांना तो मान्य नाही.

मग हन्ना चुकली काय? तसे म्हणवत नाही. यास्कानेही निरुक्तात एकाच शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती दिल्या आहेत. आपल्याकडे आधीची मुले दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू म्हणत. कोशात त्याचा अर्थ दगड. आईच्या मनात मात्र 'एवढा तरी जगू दे'.

हे नाव बेने इस्राएल समाजाबरोबर आपल्या कोकणातही नांदले. १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे 'सामाजी हसाजी' म्हणून ओळखले जात. शेवटचा 'एल' गळाला, आणि त्या जागी आपला 'जी' आला! देव गेला, आदर राहिला, असे गमतीने म्हणता येईल.

शब्दाचा अर्थ धातूत असतो. नावाचा अर्थ ते ठेवणाराच्या मनातही असतो. दोन्ही शिकवावेत, पण एकाला दुसरा म्हणू नये. 'म' विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीने मला एवढे शिकविले.