परक्या देशात राजकारण निघालं तर

मराठवाड्यातल्या आम्हा औसेकरांना दुबईत भाषेची अडचण फारशी येत नाही. निजामाच्या राज्यात राहिलेल्या गावात दखनी उर्दू कानावर असते. त्यामुळे पाकिस्तानी टॅक्सीचालकाशी गप्पा सहज जमतात. पण भाषा जुळली की राजकारणही लवकर निघतं.

एका चालकाने गाव विचारलं. पूर्वी हैदराबाद संस्थानात होतं, असं मी सांगताच तो म्हणाला, "मतलब इंडिया ने तो आप लोगों पे कब्जा किया." सोबतचे मामा भडकले. त्यांच्या घराने निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जाच सोसलेला. आवाज चढले, चालकाने गाडी कडेला घेतली. मी मामांना शांत केलं आणि चालकाला विचारलं, "भाईसाब, ये बात आपने किससे सुनी?" त्याचे आजोबा १९४८ नंतर हैदराबाद सोडून कराचीला गेले होते. म्हणजे त्याचंही बोलणं घरच्या जखमेतूनच आलेलं होतं.

तेव्हापासून परदेशी निघालेल्यांना मी सांगतो: मत खोडण्याआधी ते कुठून आलं, हे विचारा. निम्मा ताण तिथेच ओसरतो.

मग आपलं म्हणणं ठामपणे मांडा. त्यासाठी इतिहास पुरता माहीत हवा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, पण त्याआधी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली इथली जनताच लढत होती. 'कब्जा' म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे. मात्र भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मुसलमानांवर झालेले अत्याचार नाकारू नका. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवले आहेत. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. खरं मान्य करणाऱ्याचं बाकीचं म्हणणंही समोरचा ऐकून घेतो.

तिथला कायदाही ध्यानात ठेवा. अमिरातीत २०१५ पासून कायद्याने धर्माचा अवमान आणि द्वेष पसरवणं गुन्हा आहे. एप्रिल २०२० मध्ये समाजमाध्यमांवरच्या अशा मजकुरापायी काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. भारताच्या राजदूतांनाही जाहीर समज द्यावी लागली. गाडीतला वाद व्हॉट्सॲपवर नेऊ नका. समोरचा ऐकतच नसेल, तर "यावर आपलं जुळणार नाही" म्हणून विषय बदला.

आखातात कामाला निघालेल्या पोरांना आपण पासपोर्ट-व्हिसाचं सगळं समजावतो. सोबत १९४८ ची हकीकतही सांगा, आपल्या घरातली आणि शेजारच्या मोहल्ल्यातलीही.