अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि वाहणारा कान

प्रश्न : माझी मुलगी साडेसात महिन्यांचीच जन्मली. जन्मवजन १७०० ग्रॅम. आता ती दीड वर्षाची आहे. सर्दी झाली की रात्री कान धरून रडते आणि सकाळी कान वाहतो. पोटात वाढ पुरी झाली नाही म्हणून कान कच्चे राहिले, असं घरात सगळे म्हणतात. हे खरं का?
— एक आई, सांगली

उत्तर : थोडं तथ्य आहे, पण दोष तुमचा नाही. कान कच्चे राहिले हेही बरोबर नाही. पडद्यामागची तीन इवली हाडं जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाची असतात. जन्मानंतर वाढत राहते ती मधल्या कानातून नाकाच्या मागे उघडणारी नळी. मोठ्यांमध्ये ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात जेमतेम निम्मी आणि जवळजवळ आडवी. सर्दीत ती सुजून बंद झाली की कानात द्राव तुंबतो, त्यात जंतू वाढतात आणि दाबानं पडदा फाटून पू बाहेर येतो. पूर्ण दिवसांच्या बाळांनाही हा त्रास होतो, आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयात सर्वांत जास्त.

मग लवकर जन्मण्याचा संबंध कुठे येतो? आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. साडेसातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ती शिदोरी कमी मिळते, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत संसर्ग लवकर जडतात. गर्भातल्या घडणीचा थेट परिणाम पाहायचा तर दुभंगलेल्या टाळूची बाळं पाहावीत. नळी उघडणारा स्नायू टाळूशीच जोडलेला असतो. तिथेच फट राहिल्यानं अशा जवळपास प्रत्येक बाळाच्या कानात द्राव साचतो. तुमच्या मुलीची टाळू नीट असेल, तर लवकर जन्मणं हे तिच्या कानदुखीचं एक छोटं कारण आहे, एकमेव नाही.

दीड वर्षाच्या वयात आईकडून आलेली द्रव्यं संपलेलीच असतात. आता वजन पडतं ते रोजच्या गोष्टींचं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते आधी थांबवा. बाटलीनं दूध देत असाल तर झोपवून देऊ नका. लसीकरणाचं कार्ड काढून न्यूमोकोकल लस पाहा. सरकारी वेळापत्रकात ती ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी तीनदा असते. लवकर जन्मलेल्या बाळांनाही लसी जन्मतारखेपासूनच मोजून द्यायच्या असतात, पण "आधी वजन वाढू दे" म्हणून पुष्कळदा त्या लांबतात. एखादा डोस राहिला असेल, तर आताही डॉक्टरांना विचारा.

वाहत्या कानात कोमट तेल, लसणाचं तेल काहीही घालू नका. पडदा फाटलेला असताना ते थेट मधल्या कानात जातं. कान बाहेरून कोरड्या कापडानं टिपा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुखणं थांबलं तरी पडद्यामागे द्राव काही आठवडे राहू शकतो, आणि तेवढे दिवस मुलीला कमी ऐकू येतं. तीन महिन्यांनंतरही तो राहिला, किंवा हाक मारल्यावर ती वळत नसेल, शब्द वाढत नसतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. बोलणं शिकण्याचं हेच वय आहे. ते वाया जाऊ देऊ नका.