साखर जोडणारे विकर आणि 'बॉम्बे' रक्तगट

यकृतास शरीराची रसायनशाळा म्हटले जाते. या रसायनशाळेत विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा, एक वर्ग असा आहे की साखरेचा एक रेणू उचलून तो दुसऱ्या रेणूवर नेमक्या जागी बसविणे एवढेच त्याचे काम असते. यकृतातून रक्तात येणाऱ्या बहुतेक प्रथिनांवर अशा साखरांच्या साखळ्या असतात. तांबड्या रक्तपेशी घडत असताना त्यांच्या पृष्ठभागावरही हेच काम चालते व आपला एबीओ रक्तगट त्यातूनच ठरतो.

यकृतासारख्या ऊतीतून असे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे मोठ्या चिकाटीचे असते. ते पेशीच्या आतील पटलांत रुतलेले असते. म्हणून ऊती थंड ठेवून बारीक वाटतात आणि सौम्य अपमार्जकाने विकर पटलातून सोडवून घेतात. मग तो द्राव, विकराच्या 'ओळखीचे' रसायन चिकटविलेल्या कणांच्या स्तंभातून सावकाश जाऊ देतात. विकर अडकून राहते, इतर प्रथिने वाहून जातात. अखेरीस हाती येणारा अंश इतका अल्प असतो, की किरणोत्सारी खूण केलेली साखर देऊन ती किती वेगाने जोडली जाते यावरूनच त्याचे अस्तित्व मोजावे लागते. कोणती साखर, कोणत्या साखळीवर, किती आम्लतेत, मँगनीजची गरज आहे की नाही, यांवरून त्याची ओळख निश्चित होते. हे केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल नव्हे. मानवी फुप्फुसाच्या ऊतीतून शुद्ध केलेल्या 'ए' विकराच्या आधारेच १९९० साली एबीओ जनुकाचा शोध लागला. 'ए' आणि 'बी' या विकरांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा फरक निघाला!

या शास्त्रातील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. काही व्यक्तींचे रक्त तपासणीत 'ओ' दिसे, परंतु त्यांचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींचेही पुंजके करी. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी लंडनमधील तज्ज्ञांसह १९५२ साली 'द लॅन्सेट'मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. हाच 'बॉम्बे' रक्तगट. कारण पुढे उलगडले. 'ए' व 'बी' यांच्या साखरा ज्या 'एच' नावाच्या पायावर बसतात, तो पाया फ्यूकोज ही साखर जोडणारे विकर रचते. ते निष्क्रिय असेल तर पायाच नाही. भारतातील अशा अनेक व्यक्तींत या विकराच्या ३६५ अमिनो आम्लांपैकी २४२ वे बदललेले आढळते. एका आम्लाच्या बदलाने एवढे घडावे, हे नवल खरेच.

अशा रुग्णाच्या रक्तात 'एच'विरोधी प्रतिपिंडे असल्याने 'ओ' रक्तही त्याला घातक ठरते; केवळ 'बॉम्बे' गटाचेच रक्त चालते. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा मानला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती. त्या हिशेबाने पिंपळे सौदागरसह या शहरात अशा दीडशेहून अधिक व्यक्ती असू शकतात, आणि त्यांपैकी कित्येकांच्या ओळखपत्रावर 'ओ' असेच लिहिलेले असेल.

केवळ पेशींची तपासणी केल्यास हा गट निसटतो. रक्तद्रव 'ओ' पेशींशी ताडून पाहिला व 'एच'विरोधी द्रव्याची चाचणी केली की तो ओळखता येतो. असा गट आढळल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी, कारण आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त साठवून ठेवण्याचाही मार्ग असतो. त्यासाठी मात्र नातेवाइकांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच रक्तपेढीस कळवावयास हवे.